दोन डायोड, दोन कपॅसिटर आणि जुन्या रॉकचा आवाज

नवीन इलेक्ट्रिक गिटार घेतलेल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. नावाजलेलं डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज फाडणारी पायाने दाबायची डबी, घेतलं, घरी आणून लावलं, पण आवाज चिरका येतो, कानाला टोचतो. सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डवर जो भरदार, गोलसर, जरासा जळका आवाज ऐकला होता, तो काही केल्या निघत नाही. मग शोधाशोध सुरू होते आणि ‘मॉड’ हा शब्द सापडतो. पेडल उघडा, हा डायोड काढा, तो कपॅसिटर टाका, जमलं तर जुना जपानी आयसी, म्हणजे चिप, मिळवा. काय करायचं हे सगळे सांगतात. का करायचं, हे सांगणारा क्वचित भेटतो. बहुतेक पार्ट नागपूरच्या बर्डीत चहाच्या पैशांत मिळतात, त्यामुळे लोक आधी सोल्डरिंग गन तापवतात आणि विचार नंतर करतात.

विचार आधी केला तर यातले निम्मे बदल करायची गरजच नाही, असं माझं मत आहे. उरलेल्या निम्म्यांमागचं गणित दहावीच्या विज्ञानापलीकडचं नाही.

आवाज फाटतो तेव्हा काय होतं

वरातीच्या गाडीवरचा कर्णा फाटक्या आवाजात ओरडतो, तो डिस्टॉर्शनच असतो. अँप्लिफायरची एक कमाल मर्यादा असते. लाट त्याहून उंच जायला लागली की तिचा माथा कापला जातो आणि गोल टेकाडाच्या जागी सपाट पठार उरतं. या माथा कापण्याला क्लिपिंग म्हणतात. लेखात हा शब्द पुन्हापुन्हा येणार आहे.

माथा कापल्यावर मूळ सुराबरोबर नवे सूर जन्माला येतात. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे हे सूर म्हणजे हार्मोनिक. तंबोऱ्याजवळ बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको. खर्जाची तार छेडली की तिच्यातूनच गंधार ऐकू येतो, तो पाचपट कंपनांचा. दुप्पट म्हणजे वरचा सा, तिप्पट म्हणजे त्याच्यावरचा पंचम. सातपटीला मात्र कोमल निषादाच्या जरा खालचा, कुठेच नीट न बसणारा सूर निघतो, आणि तिथून वर कर्कशपणा वाढत जातो.

लाटेच्या वरच्या आणि खालच्या बाजू सारख्याच कापल्या तर फक्त विषम पटीचे हार्मोनिक निघतात: तिप्पट, पाचपट, सातपट. एक बाजू जास्त आणि एक कमी कापली तर दुप्पट, चौपट असे सम पटीचेही मिसळतात. सम पटीतले सुरुवातीचे सूर म्हणजे वरच्या सप्तकांतले सा, त्यामुळे आवाज जाड वाटतो. आणखी एक: कोपरा जितका तीक्ष्ण कापाल तितके दूरचे, कर्कश हार्मोनिक जास्त. कोपरा गोलसर राहिला तर ते लवकर विरतात. जुन्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, अँप्लिफायरमध्ये कोपरा असा गोलसर कापला जातो. त्यांचं कौतुक होतं ते बऱ्याच अंशी यामुळे.

रॉकमध्ये ‘पॉवर कॉर्ड’, म्हणजे नुसती सा आणि प ची जोडी, एवढी का चालते, याचंही उत्तर इथेच आहे. दोन सूर एकत्र फाटले की त्यांच्या कंपनांच्या फरकाचा तिसरा सूर तयार होतो. सा आणि प यांचं प्रमाण २:३, फरक १, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. न वाजवता फुकटचा खर्ज मिळतो. चार-पाच सुरांची भरगच्च कॉर्ड फाटवली की असे फरकाचे सूर एकमेकांत गुंततात आणि चिखल होतो. तो चिखल कुठल्याही मॉडने जात नाही.

बिघाडातून आलेली चीज

१९६१ साली गाजलेल्या, अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका रेकॉर्डिंगमध्ये मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि बेस गिटारचा आवाज फाटून आला. तो तसाच ठेवला गेला. लोकांना आवडला म्हणून १९६२ मध्ये तसा आवाज मुद्दाम काढणारी डबी विक्रीला आली, माइस्ट्रो फझ-टोन. तिच्यात जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर होते आणि ती तीन व्होल्टवर चालायची. १९६४ मध्ये लंडनला किंक्स बँडचा गिटारवादक डेव्ह डेव्हिसने आपल्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागदच ब्लेडने चिरला. पुढे १९७७-७८ च्या सुमारास पेडल कंपन्यांनी हाच फाटका आवाज छोट्या, मजबूत डब्यांत आणला. बॉस कंपनीचं केशरी डीएस-१ हे १९७८ चं, आणि आजही दुकानात नवं मिळतं. लोक सर्वांत जास्त उघडतात ते हेच, म्हणून पुढची उदाहरणं त्याच्यावर बेतली आहेत.

‘वॉर्म’ म्हणजे नेमकं काय

गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनं सेकंदाला ८२, म्हणजे ८२ हर्ट्झ. सर्वांत बारीक तार अगदी चोविसाव्या फ्रेटवर दाबली तरी ती १३०० हर्ट्झच्या थोडी पुढे जाते. म्हणजे तुम्ही वाजवत असलेले सगळे सूर १३०० च्या आत आले. त्याच्यावरचं जे काही ऐकू येतं ते हार्मोनिक.

जुन्या रॉकच्या आवाजात दोन गोष्टी दिसतात. पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतं, आणि पाचशे ते हजारचा मधला पट्टा भरलेला असतो. पहिल्या गोष्टीचं मोठं श्रेय गिटारच्या स्पीकरला आहे. बारा इंची गिटार स्पीकर साधारण पाच हजारांनंतर जवळपास हात टेकतो. व्हॉल्व्हच्या रेडिओवर नागपूर केंद्राचा आवाज जुन्या मंडळींना मऊ वाटायचा, त्यामागेही मध्यम लहरींवरून वरच्या पट्टीचे सूर पोचायचेच नाहीत, हे एक कारण होतं. ऊब म्हणून आपण जे ऐकतो त्यात काहीतरी वगळलेलं असतं.

डीएस-१ मध्ये याच्या बरोबर उलट घडतं. क्लिपिंग दोन्ही बाजूंनी सारखं आणि तीक्ष्ण. वरचा पट्टा सात हजारांपर्यंत मोकळा. आणि टोनचं बटण मधोमध ठेवलं की पाचशे हर्ट्झच्या आसपास खड्डा. हा दोष नव्हे, त्या पेडलचा स्वभाव आहे; त्याच्यावर वाजवलेली उत्तम रेकॉर्डिंगं आहेत. पण मार्शल कंपनीचा जुना अँप्लिफायर ऐकून आलेला माणूस त्यात फसतो.

डायोड: माथा कुठे कापायचा

डायोड हा वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट. पण एका ठरावीक व्होल्टेजपर्यंत तोही दार उघडत नाही. सिलिकॉन डायोडसाठी हा आकडा साधारण ०.६ व्होल्ट, जर्मेनियमसाठी ०.३ च्या आसपास, लाल एलईडीसाठी १.७ च्या आसपास. पेडलमध्ये दोन डायोड उलटसुलट जोडलेले असतात. लाट त्या आकड्याच्या वर गेली की उरलेली जमिनीत, म्हणजे ग्राउंडला जाते. गिटारमधून येणारा सिग्नल व्होल्टच्या एखाद-दुसऱ्या दशांशाचा, आणि बटण पूर्ण फिरवलं तर हे पेडल त्याला हजारपटीच्या आसपास वाढवतं. तेव्हा माथा कापला जाणार हे ठरलेलंच. कुठे कापायचा एवढंच डायोड सांगतो.

डीएस-१ च्या बोर्डवर डी४ आणि डी५ असं लिहिलेले हे दोन डायोड. नेहमीचा पार्ट १एन४१४८, दुकानात नुसतं ‘फोर वन फोर एट’ म्हटलं तरी पुढ्यात पुडी पडते. यातला एक जागेवर राहू द्या आणि दुसऱ्याच्या जागी दोन डायोड एकामागे एक जोडून लावा. आता एक बाजू ०.६ वर कापली जाते, दुसरी १.२ वर. सम हार्मोनिक आले. बॉसच्याच १९७७ च्या ओडी-१ मध्ये असंच दोन बाजूंना वेगवेगळं क्लिपिंग होतं, त्यामुळे ही कोणा हौशी माणसाच्या डोक्यातून निघालेली टूम नाही.

दुसरा पर्याय लाल एलईडीचा. ती लावली की माथा उंचावर कापला जातो, आवाज मोठा होतो, दाबलेपणा कमी होतो आणि तार हळू किंवा जोरात छेडल्याचा फरक कळायला लागतो. मार्शलच्या गव्हनर पेडलमध्ये लाल एलईडीच आहेत. ज्यांना हाताच्या जोरावर आवाज बदलायला आवडतं त्यांना मी एलईडी सुचवीन. ज्यांना सोलो लांबवर ओढायचा असतो त्यांनी सिलिकॉन ठेवावेत, कारण दाबलेपणामुळेच सूर टिकतो.

कपॅसिटर: कोणते सूर आत, कोणते बाहेर

डायोडवर सगळे बोलतात, पण माझ्या कानाला मोठा फरक कपॅसिटरने पडतो. स्वयंपाकघरात मैद्याची आणि गव्हाच्या पिठाची चाळणी वेगळी असते. भोकं केवढी यावर खाली काय पडेल आणि वर काय उरेल ते ठरतं. कपॅसिटर आणि त्याच्यासोबतचा रेझिस्टर मिळून अशीच सुरांची चाळणी बनते. भोकाचं माप काढायचं सूत्र छोटं आहे: १ भागिले (२ × पाय × रेझिस्टन्स × कपॅसिटन्स). उत्तर हर्ट्झमध्ये येतं. कपॅसिटर मोठा केला की तो आकडा खाली सरकतो. हे सूत्र वहीत लिहून ठेवलं की इंटरनेटवरच्या कुठल्याही मॉडची पारख स्वतः करता येते.

क्लिपिंगच्या डायोडजवळ सी१० नावाचा ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, त्याच्याआधी २.२ किलोओहमचा रेझिस्टर. सूत्रात घाला: सुमारे ७२०० हर्ट्झ. त्याच्यावरचे सूर हळूहळू कमी होतात. पण टोचणारा भाग तर चार ते सात हजारांतच बसलेला! सी१० च्या जागी ०.०२२ लावा, तोच आकडा ३३०० वर येतो. टोचणी उतरते आणि वाजवलेले सूर सगळे शाबूत राहतात, कारण ते १३०० च्या आत आहेत.

आता मधला खड्डा. टोनच्या बटणाला दोन वाटा जोडलेल्या आहेत. एका वाटेने खालचे सूर येतात (६.८ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सी१२, म्हणजे २३४ हर्ट्झच्या खालचे), दुसरीने वरचे (६.८ किलोओहम आणि ०.०२२ चा सी११, म्हणजे १०६० च्या वरचे). मधल्यांना धड कोणीच वाली नाही. सी११ च्या जागी ०.०४७ चा लावला की वरची वाट पाचशेपासूनच सुरू होते आणि खड्डा बराच बुजतो. आवाज एकदम पुढे येतो. बँडमध्ये ढोलक, कीबोर्ड आणि बेसच्या गर्दीत गिटार हरवते, तिचं कारण हा खड्डा असतो. लोक मात्र व्हॉल्यूम वाढवत बसतात. सी११ बदलूनही मधला भाग कमी वाटला तर सी१२ च्या जागी ०.०६८ चा लावून पाहा. दोन्ही एकदम नको, आधी पहिला ऐका.

दुकानात हे आकडे बोलून दाखवायची गरज पडत नाही. कपॅसिटरच्या अंगावर कोड असतो: ०.०१ म्हणजे १०३, ०.०२२ म्हणजे २२३, ०.०४७ म्हणजे ४७३, ०.०६८ म्हणजे ६८३, ०.१ म्हणजे १०४. ‘भाऊ, ४७३ बॉक्सवाला द्या’ म्हटलं की काम झालं. बॉक्सवाला म्हणजे चौकोनी, प्लास्टिक फिल्मचा. सिरॅमिकची चपटी चकती कामचलाऊ आहे, पण किमतीत फरक नगण्य असताना फिल्मचाच घ्यावा. ‘खास ऑडिओ’ म्हणून शंभरपट दराने विकले जाणारे कपॅसिटर या जागी लावणं म्हणजे पैसे उडवणं आहे, हे मी ठासून सांगतो. मुद्दाम फाडलेल्या आवाजात ती नजाकत शोधायची कुठे?

‘पण जर्मेनियमशिवाय विंटेज कसलं?’

हा प्रश्न नक्की येणार. साठच्या दशकातल्या डब्यांत जर्मेनियम होतं, मग जर्मेनियम लावलं की साठचं दशक येईल, असा सरळ हिशेब. जर्मेनियमचा कोपरा जास्त गोल असतो, हे खरं. पण दोन अडचणी आहेत. माथा ०.३ वर कापला गेल्यामुळे पेडलमधून निघणारा सिग्नल जवळपास निम्मा होतो. आणि दुसरी अडचण आपल्या गावची आहे.

जर्मेनियमला ऊन सोसत नाही. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्यातून नको तिथे झिरपणारी वीज अंदाजे दुप्पट होते. पंचवीस अंशांच्या खोलीत जुळवलेलं सर्किट मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या मांडवात नेलं तर झिरपणी चौपट. डायोडचा आकडा दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने घसरतो तो वेगळाच. वीस अंशांत चाळीस मिलिव्होल्ट. सिलिकॉनच्या ०.६ मधून चाळीस मिलिव्होल्ट गेले तर फार कळत नाही. जर्मेनियमच्या ०.३ मधून गेले म्हणजे जवळपास आठवा हिस्सा गेला. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझ पेडलचं तर पूर्ण संतुलनच ढळतं, आवाज तुटक येतो, कधी सूर मरतो. लंडनच्या थंड क्लबात हे खपून जायचं. नागपूरच्या उन्हाळ्यात जर्मेनियम लावणाऱ्याला मी हौशी म्हणेन, शहाणा म्हणणार नाही. शिवाय बाजारात जर्मेनियम म्हणून शॉट्की नावाचे वेगळ्याच जातीचे डायोडही खपवले जातात. मल्टिमीटरवर दोघांचाही आकडा कमीच दिसतो, त्यामुळे तेवढ्यावर खात्री होत नाही.

‘आणि तो जुना जपानी आयसी?’

सुरुवातीच्या डीएस-१ मध्ये तोशिबाचा टीए७१३६ होता, पुढे तो बदलला. जुना हवा म्हणून लोक जुनी पेडलं चढ्या भावाने घेतात. जुन्या-नव्या पेडलांत फरक असतो, मान्य. पण आयसीसोबत आजूबाजूच्या सर्किटातही बदल झाले होते. नुसती चिप उपटून दुसरी बसवल्याने तो फरक परत येत नाही. त्यात या पेडलच्या आयसीचे पाय एकाच रांगेत असतात, बाजारातला नेहमीचा दोन रांगांचा आठ पायांचा आयसी त्यात सरळ बसतही नाही. हा बदल वगळा.

आधी फुकटचे उपाय

गन तापवायच्या आधी एवढं करून पाहा. गिटारवरचा टोनचा खुंटा दहावरून सहा-सातवर आणा. पेडलचं ‘डिस्ट’ बटण अर्ध्याखाली, टोन नऊ वाजण्याच्या जागी, लेव्हल वर. अँप्लिफायर थोडा मोठा. अनेकांचं काम इथेच होतं.

आणि पेडल कशात लावताय ते बघा. कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा लहान कार्यक्रमाला गिटार पेडलमधून थेट मिक्सरमध्ये जाते आणि हॉलच्या पीए स्पीकरमधून बाहेर पडते. त्या स्पीकरला वरच्या पट्टीचा भोंगा असतो, तो पंधरा हजार हर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीने ऐकवतो. गिटार स्पीकर जो कचरा गिळायचा, तो आता लोकांच्या कानात. अशा वेळी सी१० बदलून थोडा फरक पडतो, पण पुरेसा नाही, कारण एका कपॅसिटरचा उतार फार संथ आणि स्पीकरचा उतार तीव्र असतो. गिटार अँपपुढे माइक लावा, नाहीतर मधे गिटार स्पीकरची नक्कल करणारा स्पीकर सिम्युलेटर घ्या. मिक्सरवाल्याला त्या चॅनलचा ट्रेबल बराच उतरवायला सांगणं हा गरिबाचा उपाय, आणि तो वाईट नाही.

घुरघुर येत असेल तर तीही मॉडने जाणार नाही. सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं टिपणारा गिटारवरचा पार्ट) आणि खोलीतला कूलर यांचं जमत नाही. कूलरच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र पिकअप उचलतो आणि पन्नास हर्ट्झचा हम तुमच्या पेडलमधून हजारपट होऊन निघतो. गिटार घेऊन जागेवर फिरा, एका कोनात हम कमी होईल.

प्रत्यक्ष बदलताना

पेडल उघडल्यावर पार्ट तांदळाच्या कणीएवढे, बोर्डला चिकटलेले दिसले तर झाकण बंद करा. तो सरफेस माउंटचा बोर्ड आहे आणि घरगुती गनचं ते काम नाही. पायवाले पार्ट दिसले तर पुढे जा. आधी दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा. बॅटरी आणि अडॅप्टर काढून ठेवा. पंचवीस वॅटची गन पुरते. एका पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर बोर्डवरची तांब्याची चकती सुटून येते आणि मग एवढ्याशा कपॅसिटरपायी पेडल दुरुस्तीला जातं. जुना सोल्डर पंपाने ओढून घ्या, पार्ट ओढून काढू नका. डायोडच्या पट्टीची दिशा आणि एलईडीचा लांब पाय कुठे, हे काढण्याआधी कागदावर लिहा. फिल्म कपॅसिटरला दिशा नसते.

एका वेळी एकच बदल करा, लावून ऐका, मग पुढचा. माझा क्रम सी१०, मग सी११, शेवटी डायोड. पहिल्या दोनांवर समाधान झालं तर डायोडला हात लावायचं कारण उरत नाही.

अडॅप्टर नऊ व्होल्टचा आणि आतला पिन निगेटिव्ह असलेला हवा. राउटरचा अडॅप्टर बहुधा उलटा असतो. जुन्या, सेकंडहँड डीएस-१ वर ‘एसीए’ लिहिलेलं दिसलं तर तो वेगळ्या अडॅप्टरसाठी बनलेला आहे. साध्या नऊ व्होल्टवर त्याचा दिवा मंद लागतो आणि आवाज मलूल येतो, तेव्हा मॉड बिघडलं असं समजू नका. बॅटरी लावून खात्री करा.

वॉरंटी मात्र गन टेकताच संपते. पुढे पेडल विकायचं मनात असेल तर काढलेले मूळ पार्ट एका पुडीत, वर सी१०, सी११ असं लिहून, ठेवून द्या. घेणाऱ्याला बरेचदा पेडल मूळ अवस्थेतच हवं असतं.